माळरानावरची टपालपेटी

टपालपेटी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती चौकातली तांबडी, लोखंडी, पावसापाण्यात रंग उडालेली पेटी. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली मंडळी. या पेटीचे ऋण आपल्याइतके कोण जाणणार? पुण्या-साताऱ्याकडची लग्ने, कोकणातली आजारपणे, सोयरसुतक, मुलांचे निकाल, सारे तिच्याच पोटातून आपल्यापर्यंत येत असे. परंतु जिला पोस्टमन नाही, कुलूप नाही, जी रस्त्यावर नसून दगडाखाली दडलेली असते आणि जी सापडावी म्हणून माणसे नकाशा नि होकायंत्र घेऊन दिवसदिवस पायपीट करतात, अशीही एक टपालपेटी या जगात आहे. ती आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात पाहिली. तिचीच ही हकीकत.

आमची कन्या आणि जावई इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यातील एक्सेटर या शहरी असतात. शाळेच्या सुट्टीचा आणि शिल्लक रजेचा मेळ घालून आम्ही उभयता सहा आठवड्यांसाठी तिकडे गेलो. जाण्यामागे हेतू एकच होता, नातवाचा सहवास. नातू नऊ वर्षांचा. दूरध्वनीच्या पडद्यावर तो आम्हांला दर रविवारी दिसत असे. परंतु पडद्यावरचे दिसणे आणि मांडीला मांडी लावून बसणे यांत अंतर असते, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानी आले. आम्ही मराठीत विचारावे, त्याने इंग्रजीत उत्तर द्यावे. आजीने 'बाळ' म्हणून हाक मारावी, त्याने 'मी बाल नाही' म्हणून हसत पळावे. 'ळ' हा वर्ण त्याच्या जिभेवर चढतच नव्हता. तेहतीस वर्षे परक्यांच्या मुलांना मराठी शिकविलेल्या माणसाला स्वतःच्या नातवापाशी बोलण्यासारखे काही सापडू नये, ही गोष्ट मनाला लागली. ती आम्ही कोणास बोलून दाखविली नाही. पण सौभाग्यवतीस न बोलताच कळते.

अशा वेळी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आमच्या मदतीला धावून आले. कुंपणापलीकडून त्यांनी एके दिवशी विचारले, "मुलाला घेऊन डार्टमूरवर पेट्या शोधायला का जात नाही?" आणि आमच्या चेहऱ्यावरचे प्रश्नचिन्ह पाहून त्यांनी सगळा इतिहासच सांगावयास घेतला.

डार्टमूर हे एक्सेटरच्या पश्चिमेस पसरलेले उंच, उघडे माळरान. क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. १९५१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सर्वोच्च माथा हाय विल्हेज, ६२१ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. परंतु इथले वैशिष्ट्य उंचीत नसून ओसाडपणात आहे. खाली ग्रॅनाइटचा खडक, त्यावर पीट नावाची काळी, पाणी धरून ठेवणारी माती, आणि टेकड्यांच्या माथ्यांवर कोणी रचून ठेवल्यासारखे वाटणारे प्रचंड शिलाखंड. या शिलाखंडांना तिकडे 'टॉर' म्हणतात. झाडे विरळ, वारा अखंड, आणि चरणारी मेंढरे व आखूड पायांची तट्टे हीच काय ती सोबत. शेरलॉक होम्सची 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कथा कॉनन डॉयलने याच माळरानावर घडविली आहे.

या माळाच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची एक अतिशय दुर्गम जागा आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तेथे एक बाटली ठेवली. इतक्या लांब चालत येणाऱ्या हौशी प्रवाशांनी आपण येऊन गेल्याची खूण म्हणून तीत आपले नावाचे कार्ड टाकावे, एवढाच उद्देश. १९०५ साली तेथे अभ्यागतांची वही आली, आणि १९३७ मध्ये दगडी पेटी बांधली गेली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, दक्षिण भागातील डक्स पूल येथे आणखी एक पेटी आली. डार्टमूरचा इंच न् इंच पायाखाली घालून १९०९ साली त्याचे मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांचे ते स्मारक. जुन्या काळी प्रवासी पेटीत स्वतःच्या पत्त्याचे, तिकीट लावलेले पत्र ठेवून जात. नंतर येणारा ते उचलून आपल्या गावच्या टपालात टाकी. म्हणूनच या छंदास 'लेटरबॉक्सिंग' हे नाव पडले. आज माळावर अशा हजारो लहान पेट्या दडविलेल्या आहेत. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे एक मंडळही आहे. १९९८ साली अमेरिकेतील 'स्मिथसोनियन' मासिकात यावर एक लेख आला आणि हा छंद तिकडेही पसरला. एका मासिकातल्या लेखाने केवढे काम केले! हे वाचून आमच्या संपादकांना समाधान वाटावे.

छंदाची रीत सोपी आहे. पेटी म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत दोन वस्तू: एक रबरी शिक्का आणि एक छोटी वही. शोधणाऱ्याने जवळ आपली वही, आपला शिक्का आणि शाईची गादी बाळगावी. पेटी सापडली की तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा, तारीख घालायची, आणि पेटी होती तशीच, होती तिथेच ठेवून यायचे. न्यायचे काही नाही, मिळवायचे काही नाही. शोधण्यासाठी मिळतो तो एक तोटका मजकूर: अमुक टॉर होकायंत्राच्या इतक्या अंशांवर दिसेल, तमुक झाड इतक्या अंशांवर, तेथून इतकी पावले, मोठ्या शिळेच्या खाली. हे मजकूर छापील सूचीतून मिळतात, किंवा एकमेकांच्या तोंडून. पहिले चार मजकूर शेजाऱ्यांनीच आम्हांला कागदावर लिहून दिले.

प्रथम शिक्के तयार करावयाचे होते. बाजारातून मोठे, मऊ खोडरबर आणले आणि जेवणाच्या मेजावर कारखाना उघडला. ब्लेड चालविण्याचे काम वडीलधाऱ्यांचे, आखणीचे काम ज्याचे त्याने करावयाचे. सौभाग्यवतींनी चातुर्मासात काढतात ते गोपद्म निवडले. आम्ही निवडली दौत आणि टाक. नातवाने मात्र वर्णमालेच्या तक्त्यावर बोट ठेवून 'ळ' मागितला. का, असे विचारता म्हणाला, तो त्याच्या पोहण्याच्या चष्म्यासारखा दिसतो म्हणून! अक्षर सरळ कोरले आणि कागदावर उलटे उमटले. त्यावर जावयांनी युक्ती सांगितली: अक्षर कागदावर मऊ पेन्सिलीने गडद काढावे, कागद पालथा घालून रबरावर दाबून घासावा, रबरावर ते आपोआप उलटे उतरते आणि शिक्का सरळ उमटतो. दुसऱ्या खेपेस 'ळ' नीट उमटला. नातवाने तो वहीच्या तीन पानांवर, एका वर्तमानपत्रावर आणि आमच्या तळहातावर मारला. "हे काय अक्षर?" आम्ही विचारले. "ल," तो म्हणाला. आजी म्हणाली, "जीभ वर वळव, टाळूला लाव आणि सोड." त्याने प्रयत्न केला, 'ड' निघाला. असो.

पहिला दिवस हेटॉरचा. एक्सेटरहून मोटारीने पाऊण तासाची वाट. येथल्या खाणीतून दगड वाहून नेण्यासाठी १८२० साली एक मार्ग बांधला. त्याचे रूळसुद्धा लोखंडाचे नसून ग्रॅनाइटचेच आहेत आणि ते आजही गवतात पडलेले दिसतात. १८३१ सालच्या लंडन ब्रिजला याच भागातला दगड गेला. माथ्यावरून दूर टेनमथच्या बाजूस समुद्र चमकत होता. आम्ही मजकूर काढून शोधास लागलो. एक तास गेला, दोन गेले. प्रत्येक शिळा 'मोठी शिळा' आणि प्रत्येक झाड 'एकटे झाड' वाटू लागले. पावले कोणाची मोजावयाची, यावर उभयतांत मतभेद झाला. आम्ही दगडाखाली हात घालणार तोच सौभाग्यवतींनी मागे ओढले. "परका मुलूख असला म्हणून काय झाले? दगडाखाली विंचूकाटा असतोच!" बोलणे खरे ठरले, डार्टमूरवर अ‍ॅडर जातीचे विषारी साप आहेत. पुढे प्रत्येक ठिकाणी आधी काठी, मग डोळे, मग हात, असा क्रम ठेवला.

पहिली पेटी सापडलीच नाही. दुसरी मात्र नातवाला सापडली. कशी, तर आम्ही तिघे अंशांचा वाद घालीत असता तो पोटावर पालथा पडून शिळांच्या बुडाशी पाहत होता म्हणून. उंचीचा असा उपयोग असतो. कोणत्या शिळेखाली, हे सांगण्यास छंदाचा नियम आड येतो. पुढल्याचा आनंद हिरावून घेऊ नये. डबा उघडला तेव्हा आतल्या वहीत आमच्या आधी येऊन गेलेल्या कुटुंबांचे शिक्के होते: घुबड, चहाची किटली, एक पाऊल. नातवाने त्यांच्याखाली आपला 'ळ' मारला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "आजोबा, इथे हे अक्षर आधी कोणी लिहिले असेल?" तो मराठीत बोलला, हे आम्हांला मोटारीत बसल्यावर लक्षात आले.

त्यानंतर शनिवार-रविवार आमचा नेम ठरला. घरातल्या चौघांची आणि नातवाची अशी पाच जणांची शिदोरी, मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी. मोबाइलचा पडदा मागे पडला असे म्हणणार नाही. पण सायंकाळी त्याच मोबाइलऐवजी नकाशा पसरला जाऊ लागला. इंग्लंडच्या सर्वेक्षण खात्याचा पंचवीस हजारांस एक प्रमाणाचा नकाशा इतका बारीक असतो की त्यात शेताची भिंतसुद्धा दिसते. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे समोच्चरेषा शिकविल्या. त्या पायांना कळतात हे येथे शिकलो. दलदलीचेही ज्ञान झाले. जिथे गवत फार हिरवे, तिथे पाय टाकू नये. डुलणाऱ्या दलदलीला तिकडची माणसे 'पिसांची गादी' म्हणतात, आणि ती झोपण्यासाठी नव्हे!

आता त्या दिवसाची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मेरिव्हेल येथे कांस्ययुगातील माणसांनी उभ्या केलेल्या दगडांच्या जोडरांगा आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या रांगांपैकी एक अडीचशे मीटरांहूनही लांब आहे, आणि दोन रांगांच्या मधून पाण्याचा एक पाट वाहतो. मोटारीचा रस्ता त्यांच्या उत्तरेस अगदी जवळ. जावई रुग्णालयात कामावर, कन्या आणि सौभाग्यवती रस्त्याकडेला मोटारीपाशी. नातू आणि आम्ही असे दोघेच दक्षिणेकडे एका पेटीच्या मागे गेलो. पेटी सापडली, शिक्के मारले, आणि मान वर करून पाहतो तो माळ नाहीसा झालेला! धुके इतके झटकन उतरले की दहा हातांवरची मेंढी दिसेना.

आम्ही म्हणालो, "काळजी नको, मला वाट माहीत आहे." आणि निघालो. पंधरा मिनिटांनी आम्ही पुन्हा त्याच दगडापाशी आलो, हे नातवाने तिथे पडलेल्या ठेपल्याच्या तुकड्यावरून ओळखले. रात्री आजीने त्याला चकव्याची गोष्ट सांगितली होती. माणसाला रानात गोल गोल फिरविणारा आपल्याकडचा चकवा. गंमत अशी की डेव्हनमध्येही हीच समजूत आहे. तेथे हे काम पिक्सी नावाचे बुटके करतात, आणि त्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी अंगातला कोट उलटा करून घालावा लागतो. नातवाने काही न बोलता आपला कोट उलटा केला आणि आमच्याकडे पाहिले. आमच्याच्याने हसवेना. ओठ कोरडे पडले होते. मुलीचे एकुलते एक मूल आपल्या हाती दिले आहे आणि आपण केवळ शिक्षकी तोऱ्यात होकायंत्र न पाहता चाललो, हे मनात टोचत होते. आम्हीही कोट उलटा घातला. आणि मग होकायंत्र बाहेर काढले.

सुई भलतीकडेच दाखवीत होती. निदान आम्हांला तसे वाटले. "आजोबा, तुमच्या त्या हातात फोन आहे," नातू म्हणाला. मोबाइलचा प्रकाश पाडण्यासाठी तो होकायंत्रालगत धरला होता. लोखंड आणि चुंबक सुईपासून दूर ठेवावे, हे आम्ही किती वर्गांना घोकविले असेल! फोन खिशात गेला. सुई फिरून स्थिरावली. "रस्ता उत्तरेला आहे ना? मग फक्त उत्तरेला चालायचे. मध्ये दगडांची रांग आडवी येईल. आली की आपण बरोबर." हे सारे तो मराठीत सांगत होता, मधले काही शब्द इंग्रजी होते, पण वाक्ये आपली होती. होकायंत्र त्याच्या हाती दिले. तो पुढे, आम्ही मागे. समोर दिसेल तो दगड हेरायचा, तिथवर जायचे, पुन्हा सुई पाहायची. वीसेक मिनिटांनी धुक्यातून गुडघाभर उंचीचा एक दगड पुढे आला. मग दुसरा, शेजारी जोडीचा, मग तिसरा. त्या रांगा कशासाठी मांडल्या, हे कोणास ठाऊक नाही. आम्हांला मात्र त्या दिवशी त्यांचा उपयोग झाला. पाटाचे पाणी ऐकू आले, आणि त्यापाठोपाठ मोटारीचा भोंगा. कन्या दर मिनिटाला तो वाजवीत होती.

मोटारीत कोणी आम्हांला बोलले नाही. ते बोलण्यापेक्षा जड होते. रात्री जेवणानंतर आम्ही आपणहून सर्वांसमोर चूक कबूल केली. त्यावर नातू म्हणाला, "पण आजोबांनी कोट उलटा घातला." आणि मग मात्र सगळेच हसले.

मुक्कामाच्या अखेरच्या आठवड्यात जावई, नातू आणि आम्ही क्रॅनमिअर पूलला गेलो. तो भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावक्षेत्रात येतो. सराव असेल त्या दिवशी तांबडी निशाणे लागतात आणि आत जाण्यास मनाई असते. म्हणून वेळापत्रक आधी पाहून, निशाणे नाहीत याची खात्री करून निघालो. काळ्या पीटच्या घळींतून वर-खाली करीत चालताना पायांचे पार पीठ झाले. आणि पोहोचल्यावर पाहतो तो तळे नाहीच! नुसता पीटचा कोरडा खळगा. त्याचीही एक दंतकथा आहे. ओकहॅम्प्टनचा बेंजी गिअर नावाचा नगराध्यक्ष मेल्यावर पिशाच झाला, आणि चाळणीने हे तळे उपसण्याची शिक्षा त्याला मिळाली. त्याने मेंढीचे कातडे चाळणीला आतून लावले आणि तळे उपसून काढले. टॉ, ओकमेंट, टॅव्ही, डार्ट अशा नद्यांचे उगम याच परिसरात आहेत. आमच्याकडचे अमरकंटक आणि तुमच्या-आमच्या मनातले महाबळेश्वर आठवले. फक्त येथे देऊळ नाही. आहे ती दगडी पेटी.

तिच्यातली वही उघडताना आम्हांला एकदम त्र्यंबकेश्वर आठवले. तरुणपणी वडिलांबरोबर गेलो असता तीर्थोपाध्यायांनी गाव नि आडनाव विचारून एक लांबट जुनी वही काढली होती. तीत आमच्या आजोबांच्या हातची मोडी सही होती, आणि कुटुंबातल्या माणसांची नावे. खाली वडिलांनी सही केली, तिच्याखाली आम्ही. "मी येऊन गेलो" एवढेच तर माणसाला लिहावयाचे असते. कोठे पुण्यासाठी, कोठे हौसेसाठी. नातवाला आम्ही ते सांगितले. त्याने विचारले, "माझे नाव आहे त्यात?" नाही, असे सांगावे लागले. "मग जायला पाहिजे," तो म्हणाला.

त्याने 'ळ' उमटविला. मग खिशातून एक चित्रपत्र काढले. परदेशी टपालाचे तिकीट लावलेले, इंदूरच्या घराचा पत्ता जावयांच्या अक्षरात. मजकूर त्याने आम्हांला पाहू दिला नाही. जुनी चाल हल्ली कोणी पाळते की नाही, याची खात्री नव्हती. तरी ते पेटीत ठेवून आम्ही परतलो.

ज्या वाचकांना हा छंद घरी सुरू करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार शब्द. खर्च फार नाही: खोडरबर, शाईची गादी, वही, साधे होकायंत्र. पेटी प्रथम स्वतःच्या परसात किंवा नातलगाच्या शेतात, मालकाला विचारून ठेवावी. किल्ले, देवळे, लेणी, जुने दगड यांना हात लावू नये. डार्टमूरवरही तोच दंडक आहे. स्थानक, बाजार अशा गर्दीच्या जागी तर मुळीच नको. बेवारस डबा दिसला की पोलीस येतील, आणि ते योग्यच होईल. मजकूर मराठीत लिहावा. 'चिंचेच्या खोडाकडे पाठ करून ईशान्येस बारा पावले' हे वाक्य समजून घेतल्याशिवाय पेटी मिळत नाही, आणि पेटी हवी असली की मूल ते समजून घेतेच. आणि पावले मुलाची मोजावीत.

इंदूरला परतल्यावर शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला. पाचव्या आठवड्यात एके दुपारी पोस्टमन ते चित्रपत्र देऊन गेला. एका कोपऱ्यावर पीटच्या काळ्या मातीचा अंगठा उमटला होता, कोणा अनोळखी वाटसरूचा. मागे पेन्सिलीने तीन ओळी होत्या: "आजी, मी इथे आलो होतो. पाणी नाही. तुझा बाळ." शेवटचे अक्षर दोनदा गिरविलेले होते.

रविवारी नेहमीप्रमाणे दूरध्वनी आला. आजीने विचारले, "काय लिहिलेस रे शेवटी? वाचून दाखव." तो क्षणभर थांबला, जीभ वळविली असावी, आणि म्हणाला. 'ळ' पुरता नव्हे, पण 'ल'ही नव्हता. पुढच्या मे महिन्यात तो येणार आहे. त्र्यंबकेश्वरची तिकिटे काढावयाची आहेत.